थेंबाची साक्ष

नेसरी हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तिथल्या खिंडीमुळे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण तिथेच कामी आले. गडहिंग्लज तालुक्यातल्या या गावाजवळचे स्मारक पाहायला आजही शाळांच्या सहली येतात. त्यातली पोरे मोठी होऊन पोलीसभरतीच्या, सैन्यभरतीच्या मैदानावर धावतात, नाहीतर तालमीची वाट धरतात. कोल्हापूर जिल्ह्यात अंगमेहनतीला अजून मान आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले, १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, आणि हेलसिंकीच्या १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव याच कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकले. या गोष्टी इथल्या घराघरांत सांगितल्या जातात.

पैलवान घडवणे म्हणजे साऱ्या घराची तपश्चर्या. म्हशीचे दूध डेअरीला न घालता पोराला पाजायचे, उसाच्या बिलातून बदाम-तुपाचे पैसे आधी बाजूला काढायचे आणि आईने थंडाई घोटायची. अंग भरायला वर्षे लागतात. हल्ली मात्र तालमीच्या जोडीला गल्लोगल्ली जिम उघडल्या आहेत. तिथे कुणीतरी भेटतो, रंगीत डबा दाखवतो, खिशातून गोळ्यांची पट्टी काढतो आणि म्हणतो, ‘एवढं कशाला राबतोस? तीन महिन्यांत दंड बघ.’ पोरगा घरी काही बोलत नाही. पोरगा भरला म्हणून बाप खूश असतो. पुढे कधी राष्ट्रीय स्पर्धेत त्याच्या हाती एक रिकामी बाटली दिली जाते, आणि त्या बाटलीतले पाणी काय बोलेल यावर साऱ्या घराची अब्रू ठरते.

लघवीतले हे बोल ऐकणारे यंत्र आहे तरी काय, आणि त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा, हे म्हणूनच प्रत्येक घराने समजून घ्यायला हवे.

पंधरा हजार लिटरांतले पंधरा मिलिग्रॅम

लघवीवरून रोग ओळखण्याची कल्पना जुनी आहे. ज्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात त्याला मधुमेह, हे आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. पण शरीराच्या ग्रंथींतून पाझरणारी संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन्स, लघवीत उतरतात हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अॅडॉल्फ बुटेनांट यांनी १९२९ साली गर्भवती स्त्रियांच्या लघवीतून इस्ट्रोन हे स्त्री-संप्रेरक वेगळे काढले. १९३१ साली त्यांनी पुरुषांच्या लघवीकडे मोर्चा वळवला. त्यासाठी जर्मन पोलिसांकडून सुमारे पंधरा हजार लिटर लघवी गोळा करण्यात आली, आणि महिनोन् महिने ती आटवून, गाळून, धुऊन हाती आले ते अँड्रोस्टेरॉनचे अवघे पंधरा मिलिग्रॅम! चिमूटभरही नव्हे. १९३५ साली अॅमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने बैलाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन मिळवले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बुटेनांट आणि रुझिच्का यांच्यात विभागून दिले गेले.

ही सारी स्टेरॉइड कुळातली द्रव्ये. चार कड्यांची एक साखळी, आणि तिच्या कडेने इकडेतिकडे जोडलेले अणूंचे लहानसहान तुकडे, असा त्यांचा साचा असतो. कोलेस्टेरॉलपासून शरीर ती बनवते. वृषणांतून टेस्टोस्टेरॉन येते, बीजांडकोशांतून इस्ट्रोजेन येते, आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल येते. काम संपले की यकृत त्यांची विल्हेवाट लावते. ही द्रव्ये तेलकट. पाण्यात सहज विरघळत नाहीत. म्हणून यकृत त्यांना साखरेसारख्या एका आम्लाची जोड देते आणि मगच ती लघवीतून बाहेर पडतात. रक्ताचा थेंब त्या क्षणाची हकिकत सांगतो, तर लघवी मागच्या कित्येक तासांचा जमाखर्च मांडते. शिवाय बाहेरून घेतलेल्या औषधाचे यकृताने केलेले तुकडेही त्यातच सापडतात. मूळ औषध नाहीसे झाले तरी हे तुकडे काही दिवस, कधी कधी काही आठवडे बाहेर पडत राहतात.

खळ्यावरची उफणणी

प्रयोगशाळेत आधी यकृताने बांधलेली गाठ सोडवतात. त्यासाठी आतड्यातल्या एका परिचित जिवाणूपासून मिळवलेले विकर लघवीत घालतात. मग एका द्रावकात स्टेरॉइड्स ओढून घेतात आणि उष्णतेत टिकून वाफ व्हावीत म्हणून त्यांना सिलिकॉनयुक्त रसायनाचे वेष्टण चढवतात. या वेष्टणाची उपयुक्त रीत कोलोनचे रसायनशास्त्रज्ञ मान्फ्रेड डोनिके यांनी बसवून दिली. हे गृहस्थ पूर्वी व्यावसायिक सायकलपटू होते, तेव्हा खेळाडूंच्या युक्त्या त्यांना आतून ठाऊक होत्या असे म्हणायला हरकत नाही.

यानंतर वाफेचा प्रवास सुरू होतो तो केसासारख्या बारीक पोकळी असलेल्या, अनेक मीटर लांबीच्या नळीतून. गुंडाळलेली ही नळी भट्टीत ठेवलेली असते. आठवडी बाजारातून चाललेली माणसे आठवा. ज्याची ओळख कमी तो सरळ पलीकडे निघतो. ज्याला प्रत्येक दुकानाशी थांबायचे असते तो मागे पडतो. तसेच नळीच्या अस्तराशी ज्या द्रव्याची सलगी कमी ते आधी बाहेर येते आणि ज्याची जास्त ते उशिरा. अशी ती एकेक करून सुटी होतात. बाहेर पडायची प्रत्येकाची वेळ ठरलेली असते.

दुसऱ्या टोकाला मास स्पेक्ट्रोमीटर बसलेला असतो. वस्तुमानाप्रमाणे कणांची निवड करणारे हे यंत्र. खळ्यावर धान्य उफणताना काय होते? भरीव दाणा जवळ पडतो आणि भुसा वाऱ्याबरोबर लांब उडतो. इथे वाऱ्याच्या जागी वीज आणि चुंबक असतात. इलेक्ट्रॉनांचा मारा करून रेणूंवर विद्युतभार चढवतात, त्या माऱ्याने रेणू फुटतात, आणि हलके-जड तुकडे वेगवेगळे मोजले जातात. केंब्रिजचे जे. जे. थॉमसन यांनी १९१२ च्या सुमारास याच तत्त्वाने निऑनचे दोन प्रकारचे अणू वेगळे दाखवले. त्यांचे सहकारी फ्रान्सिस अॅस्टन यांनी १९१९ साली ते यंत्र सुधारले आणि १९२२ साली नोबेल मिळवले. अणूंचे वजन करायला निघालेले हे यंत्र पुढे खेळाडूंच्या मागे लागेल, असे त्या दोघांच्या स्वप्नातही आले नसेल.

रेणू फुटतो तो ठरावीक ठिकाणीच. त्यामुळे तुकड्यांचा नकाशा हा त्या द्रव्याच्या बोटाच्या ठशासारखा असतो. नळीतून बाहेर यायची वेळ आणि तुकड्यांचा ठसा या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच द्रव्य सापडले असे मानतात. बारकावा तरी किती? आजची यंत्रे एका मिलिलिटरमध्ये एक-दोन नॅनोग्रॅम इतके स्टेरॉइड सहज ओळखतात. दहा हजार लिटरांचे शंभर टँकर पाण्याने भरावेत, सगळ्यांत मिळून एकच ग्रॅम मीठ टाकावे, आणि त्यातल्या चमचाभर पाण्यावरून ते मीठ ओळखावे, असा हा प्रकार. बुटेनांटना पंधरा हजार लिटर लागले होते, इथे दोन-चार मिलिलिटर पुरतात.

आपले कोणते, परके कोणते?

स्टॅनोझोलॉल किंवा मेथँडिएनोनसारखे कारखान्यात तयार झालेले औषध शरीर स्वतः कधीच बनवत नाही. ते सापडले की प्रश्न मिटला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून अशा औषधांची तपासणी सुरू झाली, आणि १९८८ साली सोलमध्ये शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धावलेल्या बेन जॉन्सनचे सुवर्णपदक स्टॅनोझोलॉलनेच तीन दिवसांत काढून घेतले.

खरी पंचाईत होते ती टेस्टोस्टेरॉनची. ते प्रत्येकाच्या अंगात असतेच. मग टोचून घेतलेले ओळखायचे कसे? डोनिके यांनी त्यावर सुरेख तोड काढली. शरीरात टेस्टोस्टेरॉनचे एक जुळे भावंड तयार होते, त्याचे नाव एपिटेस्टोस्टेरॉन. वजन तेच, अणू तेवढेच, फक्त एका ठिकाणची ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी विरुद्ध बाजूला वळलेली. हे भावंड स्नायू वाढवत नाही, आणि बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले तरी ते वाढत नाही. बहुतेकांच्या लघवीत दोघांचे प्रमाण जवळपास सारखेच असते. म्हणून १९८३ साली सहास एक ही संशयाची रेषा आखली गेली; पुढे ती चारास एकवर आणली.

पण माणसे एका साच्यातली नसतात. पूर्व आशियातल्या अनेकांमध्ये एक जनुकच नसते, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन टोचले तरी त्यांचे प्रमाण फारसे हलत नाही. उलट काही निर्दोष माणसांचे प्रमाण जन्मतःच जास्त असते. दारूनेही ते बदलते, आणि नमुना उन्हात राहून त्यात जिवाणू माजले तरी बदलते. म्हणून २०१४ पासून प्रत्येक खेळाडूची स्वतःची नोंदवही ठेवण्याची पद्धत आली. त्याची तुलना शेजाऱ्याशी करायची नाही, त्याच्याच मागच्या आकड्यांशी करायची.

तरीही शंका उरली तर शेवटचा उपाय कार्बनचा. निसर्गात शंभरातले सुमारे ९९ कार्बन अणू १२ वजनाचे आणि एखादाच १३ वजनाचा असतो. भात, गहू, सोयाबीन या पिकांत जड कार्बन किंचित कमी असतो. ऊस, मका, जोंधळा, नाचणी यांत किंचित जास्त. हवेतला कार्बन पकडण्याची त्यांची रीतच वेगळी आहे. औषधी टेस्टोस्टेरॉन बहुतेक वेळा सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनवतात, म्हणून त्यात जड कार्बन कमी. आता आपल्या गडहिंग्लज भागातला पैलवान बघा. जोंधळ्याची भाकरी, गूळ, आणि कडबा, मका, उसाचे वाढे खाल्लेल्या म्हशीचे दूध! त्याच्या अंगात बनलेल्या संप्रेरकांत जड कार्बनाचा वाटा निव्वळ भात-गहू खाणाऱ्यापेक्षा जास्त भरणार. यंत्र त्याच्या टेस्टोस्टेरॉनची तुलना त्याच्याच लघवीतल्या दुसऱ्या एका नैसर्गिक स्टेरॉइडशी करते. दोन्ही एकाच भाकरीची असतील तर कार्बन जुळतो. एक भाकरीचे आणि दुसरे कुपीतले असेल तर फरक उघडा पडतो. माणूस काय खातो हे त्याच्या संप्रेरकांत लिहिलेले असते, आणि काय टोचून घेतो तेही.

यंत्राची मर्यादा

इतके बिनचूक यंत्र असताना वाद का होतात? याचे उत्तर महाराष्ट्राने २०१६ साली पाहिले. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले, महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी असलेले नरसिंग यादव यांनी २०१५ साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून ७४ किलो गटात भारताला रिओ ऑलिंपिकची जागा मिळवून दिली होती. त्या जागेसाठी सुशीलकुमार यांनी चाचणी लढतीची मागणी केली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि मागणी फेटाळली गेली. त्यानंतर २५ जून २०१६ रोजी सोनीपतच्या सराव केंद्रात घेतलेल्या नरसिंग यांच्या नमुन्यात मेथँडिएनोनचे अंश सापडले. ५ जुलैच्या नमुन्यातही सापडले. आपल्या खाण्यापिण्यात दुसऱ्याने औषध मिसळले, असे त्यांचे म्हणणे. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, समितीने १ ऑगस्टला ते मान्य करून त्यांना मोकळे केले. जागतिक संस्थेने क्रीडा लवादाकडे दाद मागितली. पेयात पूड मिसळून लघवीत इतके प्रमाण येणार नाही, ते एक-दोन गोळ्या घेतल्याचे दिसते, असे तज्ज्ञांचे मत लवादाने ग्राह्य धरले आणि १८ ऑगस्टला, म्हणजे लढतीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी घातली.

या प्रकरणात औषध होते की नाही यावर वादच नव्हता. वाद होता तो ते आत कसे गेले याचा. काय आहे आणि किती आहे हे यंत्र सांगते. कुणाच्या हाताने आणि कोणत्या हेतूने, हे त्याला विचारता येत नाही. म्हणूनच नियमाने ती जबाबदारी खेळाडूवर टाकली आहे. तुझ्या अंगात जे सापडले त्याचा जाब तूच द्यायचा, असा हा कठोर कायदा. तो नेहमी न्याय्य वाटेल असे नाही. पण दुसरी वाट धरली तर प्रत्येकजण ‘मला कुणीतरी पाजले’ म्हणेल, ही अडचणही खरीच.

खेळाडूच्या बाजूनेही काही संरक्षण आहे. नमुना त्याच्यादेखत दोन बाटल्यांत भरून मोहरबंद होतो. पहिलीत दोष आढळला तर दुसरी स्वतःसमोर उघडून घेण्याचा त्याला हक्क आहे. प्रयोगशाळेचीही परीक्षा होते. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेला २००८ साली मिळालेली जागतिक मान्यता २०१९ साली निलंबित झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये परत मिळाली. मधल्या काळात आपले नमुने परदेशी पाठवावे लागले. नमुने दहा वर्षांपर्यंत जपूनही ठेवता येतात. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये योगेश्वर दत्त यांच्या गटात रौप्यपदक मिळवलेल्या रशियन मल्लाचा, बेसिक कुदुखोव्हचा, नमुना चार वर्षांनी नव्या रीतीने तपासला तेव्हा सदोष ठरला. तोवर तो मोटार अपघातात वारला होता. पदक त्याच्या कुटुंबाकडेच राहू द्यावे, असे योगेश्वर यांनी जाहीर केले. पुढे ऑलिंपिक समितीनेही प्रकरण बंद केले. तपासणीच्या रूक्ष कागदांत माणुसकीची अशी एखादी ओळही सापडते.

हेच यंत्र, दुसरे काम

मात्र हे यंत्र केवळ चोर पकडायला जन्मलेले नाही. काही हजार जन्मांमागे एखाद्या बाळाच्या अधिवृक्क ग्रंथीत एक विकर कमी असते. कॉर्टिसॉल बनत नाही, आणि कच्चा माल साचून पुरुष-संप्रेरकांकडे वळतो. मुलगी असेल तर जन्मतः बाह्य जननेंद्रियांत फरक दिसतो आणि घर हादरते. मुलगा असेल तर तो सुदृढ दिसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू होऊन अंगातले मीठ-पाणी उतरते. जुलाब-वांत्या समजून अशी बाळे दगावतात. आज पहिली तपासणी रक्ताच्या थेंबावर होते. पण नेमके कोणते विकर कमी, हा घोळ सोडवायला लघवीतल्या सगळ्या स्टेरॉइड्सचा आलेख फार उपयोगी पडतो. सुई न टोचता तो मिळतो. निदान झाले तर स्वस्त गोळ्यांवर ते मूल आयुष्यभर इतरांसारखे जगते. ज्या आलेखाने एखाद्याचे पदक जाते, त्याच आलेखाने दुसऱ्याचे बाळ वाचते.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. ‘स्टेरॉइड’ म्हटले की आपल्याकडे लोक दचकतात. दम्याला, संधिवाताला डॉक्टर देतात ते कॉर्टिसॉलच्या जातीचे. दंड फुगवणारे ते टेस्टोस्टेरॉनच्या जातीचे. डॉक्टरांनी दिलेले पहिल्या जातीचे औषध भीतीने एकाएकी बंद करणे धोक्याचे असते, कारण दीर्घकाळ औषध घेतल्याने शरीराची स्वतःची निर्मिती थांबलेली असते. उलट सांधेदुखीवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत हेच औषध गुपचूप मिसळलेले आढळते. चेहरा गोल झाला, पोट सुटले, साखर वाढली, तर ‘गुण आला’ म्हणून हुरळून न जाता पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

घराने काय करावे

दुसऱ्या जातीचा हिशेब पोरांच्या आयुष्याशी आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. ती आक्रसतात, शुक्रजंतू घटतात. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून सुनेला बोल लावले जातात, आणि कारण असते पाच वर्षांपूर्वीची पट्टी. वाढत्या वयात घेतले तर हाडांची टोके लवकर जुळून उंची खुंटते. तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या यकृताला बाधतात. हृदयावरचा ताण तर बाहेरून दिसतही नाही. कोल्हापूरच्या लाल मातीत पिढ्यान् पिढ्या जे कमावले ते असे तीन महिन्यांत गमावण्यासाठी नव्हे.

रंगीत डब्यांचाही भरवसा नाही. कोलोनच्या प्रयोगशाळेने २००० च्या सुमारास तेरा देशांतले ६३४ पूरक आहार तपासले. त्यांतल्या ९४ डब्यांत वेष्टणावर न लिहिलेली संप्रेरकसदृश द्रव्ये निघाली. म्हणजे सुमारे पंधरा टक्के! पोराने अजाणता घेतले तरी जाब त्यालाच द्यायचा आहे. २०२३ साली भारतात पाच हजारांवर नमुने तपासले गेले, त्यांतले शेकडा चारच्या आसपास सदोष निघाले. मोठ्या प्रमाणात तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण लाजिरवाणे आहे. गावच्या जत्रेतल्या कुस्तीला कुणी बाटली घेऊन येत नाही. पण सवय लागते ती तिथेच.

तेव्हा पालकांनी वस्तादांशी बोलावे. डबा घरात आला तर कुठून आला, बिल कुठे आहे, हे पोराला विचारावे. सर्दी-पडशाच्या साध्या औषधाबद्दलही खेळाडूने आपण स्पर्धक आहोत हे डॉक्टरांना आधी सांगावे. आणि मुख्य म्हणजे वर्षभरात गदा आणलीच पाहिजे, असा धोशा घरानेच लावू नये. पोरगा पट्टीकडे वळतो तो बहुतेक वेळा आपल्याच घाईला भिऊन. थंडाई घोटणाऱ्या आईला आणि म्हशीचे दूध राखून ठेवणाऱ्या बापाला एवढे सांगण्याचा अधिकार नक्कीच आहे, की बाबा, चार वर्षे लागली तरी चालतील.